बचतोत्सुक

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाऊसाहेब ओळखू येत नाहीत. तेव्हा ते चारचौघांसारखेच असतात. स्टेशनवरून रिक्षाने येतात, येताना कोपऱ्यावरून पाव किलो फरसाण आणतात, जिन्यात भेटलेल्या पोरांच्या हातावर गोळ्या-चॉकलेट ठेवतात. पंधरा तारखेच्या सुमारास फरसाण बंद होतं. वीस तारीख उलटली की शेअर रिक्षाच्या रांगेतही ते दिसत नाहीत. घामाघूम होऊन चालत येतात आणि भेटेल त्याला चालण्याने साखर कशी आटोक्यात राहते ते सांगतात. (साखर त्यांना नाही.) पंचवीस तारखेनंतर मात्र त्यांना वाचा फुटते : "आता पुढच्या एक तारखेपासून बघा…"

भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. डोंबिवलीत इमारत म्हटली की असा एक गृहस्थ असतोच, आमच्याकडे तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, एवढंच. विवाहोत्सुक म्हणून मंडळात नाव नोंदवलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. भाऊसाहेब बचतोत्सुक आहेत. नाव सगळीकडे नोंदवलेलं आहे, योग काही जुळून आलेला नाही.

त्यांना चिक्कू मात्र समजू नका. चिक्कू माणसाचं काम सरळ असतं. त्याच्या हातून पैसा सुटत नाही, म्हणून तो त्याच्याजवळ राहतो. लोक नावं ठेवतात आणि बँकेचा मॅनेजर चहा पाजतो. भाऊसाहेबांना चिक्कूपणाचे सगळे कष्ट पडतात, तो चहा तेवढा मिळत नाही.

अडचण हिशेबाची आहे, आणि भाऊसाहेब एका खासगी कंपनीत हिशेबखात्यातच आहेत. त्यांच्या लेखी पैसा दोन वाटांनी घरात येतो : पगार झाला की, आणि सूट मिळाली की. बाराशेचा शर्ट आठशेला मिळाला तर चारशे 'वाचले'. हे चारशे त्यांना खिशात वाजताना ऐकू येतात. वाचलेला पैसा नुसता पडून राहणं बरं नव्हे, म्हणून त्यात चारशेची भर घालून दुसरा शर्ट येतो, आणि त्याच्यावरही चारशे वाचतात. दोन शर्ट घेऊन जिना चढणारा हा माणूस सोळाशे घालवून आलेला नसतो, आठशे कमावून आलेला असतो. त्या आठशेंचं काय करायचं, एवढाच प्रश्न रात्री जेवताना निघतो.

भाजीसाठी ते रविवारी कल्याणच्या मार्केट यार्डात जातात. डोंबिवलीत ऐंशीला मिळणारी गवार तिथे पन्नासला, आणि लोकलचा पास खिशात असल्यामुळे जाणं-येणं फुकट. इथवर योजनेत खोट काढता येत नाही. पण घाऊक बाजारात पाव किलो कोण देणार? चार किलो गवार, पाच किलो टोमॅटो, मेथीच्या दहा जुड्या. एवढं ओझं घेऊन लोकलमध्ये शिरता येत नाही म्हणून रिक्षा, ती थेट दारापर्यंत. मंगळवारी मेथी पिवळी पडते. गुरुवारी टोमॅटो पिशवीतून गळू लागतात. गवारीला कंटाळलेली पोरं शनिवारी पिझ्झा मागवतात. पिझ्झ्याचे पैसे भाऊसाहेब गवारीच्या नावावर मांडत नाहीत. ती बाब वेगळी.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेल्या कपाटाचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो. तिथे ते अडीच हजारांनी स्वस्त होतं, हे खरंच. टेम्पो, टेम्पोवाल्याचा नाश्ता, तीन जिने चढवणारे दोन हमाल आणि जिन्याच्या वळणावर निखळलेला पाय बसवणारा सुतार, हे सगळं धरून ते सातशेने महाग पडलं. आपल्या इथला दुकानदार घरपोच देत होता, हे वहिनींनी त्या दिवशी एकदाच सांगितलं. पुन्हा कधी म्हणून नाही. फक्त त्या कपाटाचं दार जरा जोरात लावतात.

दर वर्षी एक जानेवारीला विमा एजंटाने दिलेल्या डायरीत भाऊसाहेब खर्च लिहायला बसतात. अक्षर सुरेख, रेघा पट्टीने मारलेल्या. दूध, पेपर, भाजी, औषधं, रिक्षा आणि शेवटचा रकाना 'किरकोळ'. पहिले चार दिवस किरकोळमध्ये दहा-वीस रुपये असतात. पाचव्या दिवशी हॉटेलचं बिल भाजीत घालावं की करमणुकीत, हे ठरत नाही, म्हणून ते किरकोळमध्ये जातं. पाठोपाठ मेहुण्याच्या मुलाच्या मुंजीचा आहेर, चष्म्याची काडी, फ्रिजचा गॅस. संक्रांतीला बेरीज मारली तर दूध एक हजार चाळीस आणि किरकोळ अकरा हजार सहाशे. इथे डायरी थांबते आणि धाकटीला गणितं सोडवायला मिळते. आमच्या इमारतीत त्या मुलीइतकं गणित कुणाचंच चांगलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी डायरी सोडून मोबाइलवर खर्च लिहायचं ॲप घेतलं. फुकटातलं होतं, पण त्यात जाहिराती यायच्या. म्हणून पैसे भरून मिळणारं घेतलं, आणि वर्षाचे एकदम भरले की चाळीस टक्के वाचत होते म्हणून वर्षाचे भरले. त्या ॲपमधली पहिली नोंद त्या ॲपच्याच पैशांची आहे. रकाना : किरकोळ.

विजेच्या बाबतीत त्यांचा खरा पराक्रम दिसतो. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर दर चढतो, तीनशेनंतर आणखी चढतो, हे त्यांना पाठ आहे. चढलेला दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, खालच्यांना खालचाच राहतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी सांगणार नाही, कारण त्यांच्या आयुष्यातली एवढी एकच चुरस मला माहीत आहे. मीटरचा फोटो काढायला माणूस यायच्या आधीच्या आठवड्यात आकडा तीनशेच्या आसपास पोहोचलेला असतो आणि तिसऱ्या मजल्यावर अंधार पडतो. इस्त्री बंद, गीझर बंद, पंखा एकावर. एसी तर बंदच असतो. तो ऐन थंडीत सेलमध्ये घेतलेला आहे आणि वहिनींनी शिवलेल्या झालरीच्या आच्छादनाखाली सुखरूप आहे.

अशाच एका संध्याकाळी मी वर गेलो होतो. वहिनी वाटणासाठी खोबरं भाजून मिक्सरजवळ उभ्या होत्या.

"अगं, मिक्सर नको. साडेसातशे वॅटचा आहे तो."

"मग वाटण कशात करू?"

"राहू दे ना आजच्या दिवस. बाहेरून मागवू काहीतरी."

चार माणसांचं जेवण आलं. डब्याचं बिल मी पाहिलं नाही. मिक्सरची मात्र अर्ध्या युनिटच्या आतली वीज वाचली.

त्यांच्या मनात सारखा वावरतो तो त्यांच्या वडिलांचा, आबांचा संसार. सरकारी नोकरी, एक पगार, चार मुलं. तरी डोंबिवलीत जागा झाली, दोन मुलींची लग्नं झाली, वर किसान विकास पत्रं निघाली. १९८८ साली ही योजना आली तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. "आबांना जमलं ते मला का जमू नये?" हा भाऊसाहेबांचा सवाल, आणि तो विचारताना ते अजिबात विनोदी दिसत नाहीत.

माझं मत विचाराल तर आबांनी फार मोठा संयम वगैरे केला नाही. त्यांना खर्च करायला जागाच नव्हती. स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. फोनचंही तेच. आणि म्हातारपणाला पेन्शन ठरलेली. भाऊसाहेबांचा पगार आबांच्या कैक पट असेल, पण तो एक तारखेला येतो आणि पाच तारखेला घराचा हप्ता त्यातला मोठा लचका तोडतो. मग शाळेची फी, मग आईची औषधं. पेन्शनची तर बातच नको. उरतं त्याच्यावर आबांच्या वेळी एक पहारेकरी होता : शंभराची नोट. ती मोडायला जीव होत नसे. एकदा मोडली की ती संपते हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तिची चौथी घडी होईपर्यंत ती पाकिटात राहायची. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि मोडायला नोटच राहिली नाही. भेळवाल्याच्या टोपलीला चौकोन चिकटवलेला, चांभाराच्या पेटीला चौकोन, देवळातल्या दानपेटीवरही चौकोन. मोबाइल दाखवला, टुणकन आवाज आला, काम झालं. भाऊसाहेबांचा पगार असा टुणटुणत जातो.

गुंतवणुकीच्या बाबतीत त्यांना कमी लेखू नका. त्यांच्याकडे सगळं आहे. पीपीएफ आहे. वर्षाला दीड लाख भरले तर ७.१ टक्के व्याजाने पंधरा वर्षांनी चाळीस लाखांवर मिळतात, हा तक्ता त्यांनी स्वतः तयार केला आहे आणि तो दिवाणखान्यात काचेखाली आहे. पीपीएफ चालू ठेवायला वर्षाला किमान पाचशे लागतात. दर ३१ मार्चला भाऊसाहेब धावतपळत जाऊन पाचशे भरतात. खातं जिवंत आहे.

पोस्टात रिकरिंग होतं. पाच वर्षांचं, महिना हजार रुपये. नियम असा आहे की बारा हप्ते नीट भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. हा नियम त्यांना तिसऱ्या हप्त्याला कळला आणि पुढचे नऊ हप्ते त्यांनी कधी नव्हे ते तारखेला भरले. एसआयपीचीही तऱ्हा तशीच. पगार एक तारखेला होत असताना त्यांनी हप्त्याची तारीख पंचवीस दिली. "महिनाअखेर शिल्लक राहील ती सरळ गुंतवणुकीत." पंचवीस तारखेला खात्यात जे असायचं ते पाहून बँक हप्ता परत पाठवायची आणि त्याबद्दल दंड कापायची. असे सलग तीन हप्ते चुकले आणि एसआयपी बंद पडली. दंडाची रक्कम ते आजही 'गुंतवणूक खर्च' या सदरात धरतात.

सोन्याचं म्हणाल तर ते भाव उतरायची वाट बघत आहेत. तोळा तीस हजाराला होता तेव्हा ते म्हणाले, हा फुगवटा आहे, खाली येणार. २०२० मध्ये पन्नास हजारांवर गेला तेव्हा म्हणाले, कोरोनामुळे आहे, जरा थांबा. २०२५ मध्ये लाखावर गेला. हल्ली ते सराफाच्या दुकानावरून जाताना भावफलक वाचत नाहीत, पलीकडच्या फुटपाथने जातात.

जगभर ३१ ऑक्टोबर हा बचत दिन मानतात. १९२४ साली मिलानला बचत बँकांची परिषद भरली होती, तिथे ते ठरलं. ३१ ऑक्टोबर ही इंदिरा गांधींची पुण्यतिथी असल्याने आपल्याकडे तो एक दिवस आधी, ३० तारखेला पाळतात. तारीख कुठलीही धरा, मिलानच्या त्या मंडळींना आपली दिवाळी माहीत नसणार. भाऊसाहेबांचा बोनस नेमका त्याच सुमारास होतो. बचतीचा शुभेच्छा-संदेश ते त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर न चुकता टाकतात, आणि मी खात्रीने सांगतो की तो दुकानाच्या रांगेत उभं राहून टाकलेला असतो.

आता वहिनींबद्दल लिहायला हवं. त्यांच्याकडे तक्ता नाही, ॲप नाही, पीपीएफची फोड विचारली तर सांगता यायची नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री आठ वाजता टीव्हीवर पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याचं ऐकून भाऊसाहेब मोठ्यांदा हसले होते. "आपल्याला काय! आपल्याकडे आहेतच कुठे?" वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. तूरडाळीच्या डब्यातून एक पुडकं निघालं. साबुदाण्याच्या डब्यातून दुसरं. लक्ष्मीच्या तसबिरीमागून, लग्नातल्या शालूच्या घडीतून, बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या खणातून. नेमका आकडा मी छापणार नाही, वहिनींना आवडायचं नाही. ऐकल्यावर भाऊसाहेब खुर्चीत बसले, एवढं सांगतो.

पैसे पाहून झालेला आनंद रात्रभर टिकला. सकाळी दात घासताना त्यांच्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला. दर महिन्याच्या अठ्ठावीसला वहिनी "ताईकडून आणलेत हं, एक तारखेला द्यायचे आहेत" म्हणून जे हजार-दोन हजार हातावर ठेवायच्या, ते कुठल्या ताईचे? आणि एक तारखेला भाऊसाहेब ते इमानाने परत करायचे, वर शंभर रुपये ताईच्या मुलांना खाऊसाठी म्हणून. स्वतःच्याच पगारातून निघालेल्या पैशावर हा हिशेबखात्यातला माणूस वर्षानुवर्षं व्याज भरत होता.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, रिचर्ड थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसं मनातल्या मनात पैशाचे कप्पे पाडतात आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात सहसा जाऊ देत नाहीत, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग. वहिनींचे कप्पे फडताळात होते आणि त्यांना घट्ट झाकणं होती. मे २०२३ मध्ये दोन हजाराची नोट मागे घेतल्याची बातमी आली तेव्हा भाऊसाहेब बातमी संपायच्या आत स्वयंपाकघरात पोहोचले. तूरडाळीच्या डब्यात तूरडाळ होती. वहिनींनी जागा बदललेल्या होत्या.

आणि गंमत बघा, भाऊसाहेबांचा सल्ला अचूक असतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये त्यांचा ग्रुप आहे. गाडी मध्येच थांबली की तिथे चक्रवाढ व्याजावर व्याख्यान होतं. पगार झाला की आधी बाजूला काढा, मग उरेल ते खर्चा. क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल भरा. विमा वेगळा, गुंतवणूक वेगळी. यातला एक शब्द चुकीचा नाही. ग्रुपमधल्या एका नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाने हे निमूट ऐकलं आणि त्याप्रमाणे केलं. परवा त्याने बदलापूरला फ्लॅट बुक केला. पेढे घेऊन तो भाऊसाहेबांच्या पाया पडायला आला. भाऊसाहेबांनी त्याला आशीर्वाद दिला, पेढा खाल्ला, आणि मुलगा गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलंत ना? पद्धत बरोबर आहे."

पद्धत बरोबर असल्याचं सिद्ध झाल्यावर त्यांनी वहिनींच्या भिशीत नाव घालायचा हट्ट धरला. आमच्या इमारतीची भिशी वहिनी चालवतात. बारा जणी, महिना दोन हजार, चिठ्ठी टाकून ज्या नावाची निघेल तिला त्या महिन्याचे चोवीस हजार. एक जण सोडून गेली होती, तिच्या जागी भाऊसाहेब आले. पहिलीच चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली. ते इतके खूश झाले की चोवीस हजारांत अकरा हजारांची भर घालून मोठा टीव्ही आणला. मूळ किंमत अठ्ठेचाळीस होती, म्हणजे तेरा हजार वाचले. उरलेले अकरा हप्ते त्यांना 'टीव्ही तर आला, आता कशाचे भरायचे' असे वाटू लागले. तिसऱ्या महिन्यापासून ते भिशीच्या संध्याकाळी ऑफिसात थांबू लागले. हप्ते चुकले नाहीत. वहिनींनी कुठल्या तरी डब्यातून भरले, आणि सगळ्या जणींसमोर वहीत 'भाऊसाहेब, रोख' असंच लिहिलं.

भिशीची नवी फेरी येत्या एक तारखेपासून सुरू होते आहे. एक जागा रिकामी झाली आहे, ती कशी ते सांगायला नको. कुणाला यायचं असेल तर जरूर या. हप्ता मात्र वहिनींच्याच हातात द्या. जिन्यात भाऊसाहेब भेटले आणि त्यांनी "द्या इकडे, मी वर नेऊन देतो" म्हटलं, तर तुमच्याजवळ सुटे नाहीत असं सांगा.